रंगभूमीचा गळा आणि पडद्याचे गाणे

मराठी संगीत नाटक बोलपटाने मारले, हे विधान आपल्या पिढीने इतक्यांदा ऐकले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. ज्या घरांतून किर्लोस्कर, गंधर्व, ललितकला, बळवंत या मंडळ्यांच्या मुक्कामांच्या आठवणी वारसा म्हणून चालत आल्या, त्या घरांत तर या विधानाला सिद्धान्ताचीच प्रतिष्ठा आहे. नाट्यपद म्हणजे अस्सल आणि चित्रपटगीत म्हणजे त्याची पातळ केलेली आवृत्ती, ही समजूत त्यातूनच निघते. तिला धक्का न लावता आपण वर्षानुवर्षे नाट्यगीतांचे कार्यक्रम करतो आणि शेवटी 'थोडी चित्रपटगीतेही' घेतो.

परंतु मराठी बोलपटाची पहिली सात-आठ वर्षे नीट पाहिली, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. रंगभूमीवरचे दोन सर्वश्रेष्ठ गळे या काळात पडद्यावर आले आणि दोन्ही वेळा पदरी निराशा आली. उलट, त्यांच्या मानाने साध्या गळ्याचा एक नट तुकाराम म्हणून उभा राहिला आणि त्याचा चित्रपट मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. प्रेक्षक तोच होता, त्याची अभिरुची दोन वर्षांत बदलण्याचे कारण नव्हते. मग हे घडले कसे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम नाट्यपदाचे स्वरूप पाहू. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा पदे पुष्कळ होती, पण ती आटोपशीर होती. संवाद जेथे थांबे तेथून पद सुरू होई. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या आणि पदाला मैफलीचे बळ आले. पद आता केवळ प्रसंगाचे राहिले नाही. ते रागाचे झाले. नट संवाद सोडून पुढे येई, ऑर्गन आणि तबला त्याला उचलून धरीत आणि श्रोते 'वन्समोअर' देत. रुक्मिणी त्या क्षणी रुक्मिणी राहिली नाही, बालगंधर्व झाली, याचे दुःख कोणाला होत नसे, कारण प्रेक्षक त्याच क्षणासाठी आलेला असे. कथेचा काळ थांबे आणि गाण्याचा काळ सुरू होई. हा करार नट आणि प्रेक्षक या दोघांनाही मान्य होता.

पडद्यावर मात्र या कराराचा एक पक्षकारच गैरहजर असतो. नट गातो तेव्हा श्रोता समोर नसतो आणि श्रोता ऐकतो तेव्हा नट तिथे नसतो. दाद देऊन तान पुन्हा घ्यायला लावणे शक्य नाही. शिवाय रंगमंचावर पंधराव्या रांगेतून दिसणारा चेहरा येथे हातभर अंतरावर येतो आणि गाण्याच्या श्रमाची प्रत्येक खूण त्यावर उमटते. रंगभूमीवर थांबलेला काळ शोभत असे. पडद्यावर तो अडकल्यासारखा दिसतो.

'प्रभात फिल्म कंपनी'ने १९३२ साली कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' काढला. हा मराठीतला पहिला बोलपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे आणि संगीतही त्यांचेच. गाणे आधी ध्वनिमुद्रित करून मग चित्रण करण्याची सोय तेव्हा आपल्याकडे नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात असे आणि वादक चौकटीबाहेर बसत. गोविंदराव भास्करबुवांच्या साथीला बसलेले, नाट्यसंगीताचे अग्रगण्य रचनाकार. त्यांच्या गाण्याला येथे बोट ठेवण्यास जागा नाही; पण राजा गाऊ लागला की चित्र थबकते आणि आपण नाटकास बसलो आहोत असे वाटू लागते. याच चित्रपटात तारामती झालेल्या दुर्गाबाई खोटे रंगभूमीवरून आलेल्या नव्हत्या, त्यांचा गळाही तयारीच्या गायिकेचा नव्हता. तरीही त्यांचे गाणे अधिक जवळचे वाटते. त्या गात असताना तारामती कोठे जात नाही. पुढे काय होणार याची चाहूल पहिल्याच चित्रपटात अशी लागली होती.

यानंतर १९३४ साली मास्टर दीनानाथांच्या 'बळवंत'ने 'कृष्णार्जुन युद्ध' पडद्यावर आणले. गोव्याच्या मंगेशीचे दीनानाथ म्हणजे तेजस्वी, आक्रमक, चमत्कृतीने भरलेले गाणे. रंगभूमीवर ते गाणे प्रेक्षागृहावर झेपावत असे. पडद्यावर झेपावण्यासाठी समोर कोणीच नव्हते. चित्रपट चालला नाही आणि मंडळीला त्याची मोठी आर्थिक झळ बसली. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, 'प्रभात'ने 'धर्मात्मा' काढला. संत एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व आणि संगीत भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांचे. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. विषय अस्पृश्यतेचा, म्हणजे त्या घडीला अत्यंत जिवंत. तरीही अपेक्षित यश आले नाही आणि बालगंधर्व व 'प्रभात' यांचा संबंध तेथेच संपला.

या अपयशाचे कारण बहुधा असे सांगितले जाते की, स्त्रीभूमिकेत पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकाला दाढीतले गंधर्व रुचले नाहीत. त्यात तथ्य असेलही, पण ते पुरेसे नाही. विष्णुपंत पागनीसही रंगभूमीवर स्त्रीभूमिकाच करीत असत आणि 'तुकाराम' म्हणून ते असे रुचले की पुढे लोकांना तुकारामाची दुसरी मूर्ती डोळ्यांपुढे आणणे कठीण झाले. फरक वेषाचा नव्हता, गाण्याच्या हेतूचा होता. बालगंधर्वांचे एकनाथ भजन म्हणतात ते आपल्याला ऐकवण्यासाठी. पागनीसांचे तुकाराम गातात ते विठ्ठलासाठी; आपण ते बाजूला उभे राहून ऐकतो.

'संत तुकाराम' १९३६ चा. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल, लेखक शिवराम वाशीकर, संगीत केशवराव भोळे यांचे. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, हे सर्वश्रुत आहे. पण त्यातील संगीताचे मर्म आपल्याकडे फारसे सांगितले गेलेले नाही. चित्रपटाच्या प्रारंभीच तुकाराम एक अभंग गातात. साधी चाल, टाळ आणि एकतारी, डोळे मिटलेले. लगेच तोच अभंग सालोमालो आपला म्हणून देवळात गातो, आणि तो गातो रंगभूमीच्या ढंगाने: हातवारे, मुरके, श्रोत्यांकडे टाकलेले कटाक्ष, दादेची वाट पाहणारे थांबे. शब्द तेच, पण भाव पार उडालेला. प्रेक्षक हसतो, मात्र तो काय पाहून हसला याचा विचार करीत नाही. येथे केवळ एका ढोंगी माणसाची थट्टा नाही. मराठी चित्रपटाने आपल्या जन्मदात्या रंगभूमीच्या गायनरीतीवर केलेली ती टीका आहे, आणि ती लेख लिहून नव्हे तर दोन गाणी शेजारी ठेवून केलेली आहे. मराठीत इतकी नेमकी संगीत-समीक्षा मला फार थोड्या ठिकाणी आढळली.

ती तशी असावी यात नवल नाही, कारण केशवराव भोळे हे मुळात समीक्षकच होते. 'एकलव्य' या टोपणनावाने त्यांनी गायकांवर जे लिहिले ते आजही वाचनीय आहे. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील मोजक्या भावगीतांना चाली त्यांनीच दिल्या होत्या आणि ती ज्योत्स्नाबाई भोळे यांनी गायिली होती. याचा अर्थ असा की, गाणे प्रसंगातून उगवले पाहिजे, ते व्यक्तीच्या बोलण्याच्या जवळ राहिले पाहिजे, हा आग्रह चित्रपटाने बाहेरून आणलेला नव्हता. रंगभूमीच्याच पोटात तो तयार झाला होता. बोलपटाने संगीत नाटक मारले, असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानात घ्यावे.

'तुकारामा'तील एक पद तर सुशिक्षितांनाही दीर्घकाळ फसवीत आले आहे. बीज आणि वृक्ष यांचा दृष्टान्त देणारे ते पद तुकोबांचे नसून शांताराम आठवले यांचे आहे, हे आजही पुष्कळांना सांगावे लागते. गाथेत ते सापडत नाही म्हणून लोक गाथेच्या प्रतीला दोष देतात! कवीने आपले नाव पुसून पात्राच्या वाणीत विरघळून जावे, ही चित्रपटगीताची खरी कसोटी. आठवल्यांना ती किती साधली याचा याहून मोठा दाखला नाही.

'कुंकू' (१९३७) या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे गेला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेला हा चित्रपट. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला पती मानण्यास नकार देते. यात पार्श्वसंगीत म्हणून बाहेरून काही जोडलेले नाही. जे ऐकू येते ते त्या घरातले, त्या रस्त्यावरचे. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे ठोके वाद्याचे काम करतात. अशा निःशब्द घरात शांताबाई आपटे गातात, तेव्हा प्रत्येक गाणे हा एक बंडाचा उच्चार होतो. एके ठिकाणी त्या लाँगफेलोची जीवनावरची प्रसिद्ध इंग्रजी कविता गातात. वरवर हा विक्षेप वाटतो. पण एका पोरक्या मराठी मुलीला आपल्या भाषेतल्या ओव्या आणि मंगलाष्टके धीर देत नाहीत, त्यांनी तर तिला येथे आणून सोडले आहे. तिला धीर द्यायला परकी कविता येते. नाटकात हे पद 'शोभले नसते'. चित्रपटात तेच शोभून दिसते, कारण ते आपल्यासाठी म्हटलेले नाही. नीरेने ते स्वतःसाठी म्हटले आहे.

येथे एक आक्षेप निघू शकतो. भोळे यांची प्रकृतीच भावगीताची होती, म्हणून त्यांना हे जमले. रागदारीत मुरलेल्यांना ते जमणारच नव्हते. या आक्षेपाला 'माणूस' (१९३९) हे उत्तर आहे. 'धर्मात्मा'चे संगीत देणारे मास्टर कृष्णरावच 'माणूस'चे संगीतकार. हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या शांताबाई हुबळीकर यांनी त्यात मैनेची भूमिका केली. कोठ्यावरची मैना उद्याची चिंता झटकून टाकणारे गाणे म्हणते आणि ते अनेक भारतीय भाषांतून फिरते, कारण गिऱ्हाईक कोठलेही असू शकते. गाणे उडते आणि खेळकर आहे. पण मैनेला खरोखरच उद्या नाही हे आपल्याला कळते आणि त्या खेळकरपणाचा चटका बसतो. कृष्णरावांनी आपली विद्या टाकून दिली नाही. ती कोठे लपवावी हे ते चार वर्षांत शिकले. शांताबाईंनी पुढे आपल्या आत्मचरित्राला त्याच गाण्याचे शब्द नाव म्हणून दिले.

या स्थित्यंतरात काही गमावले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत आणि तेवढ्याच दृश्यात राग उलगडण्यास अवकाश नसतो. सामान्य श्रोत्याला तिकिटाच्या पैशात रागाची ओळख करून देणारी जी एक मोठी शाळा संगीत नाटकाने चालवली, ती चित्रपटाने चालवली नाही. शिवाय पुढे चित्रपटानेही सालोमालोचीच वाट धरली. प्रसंग असो वा नसो, गाण्यांची संख्या भरू लागली. म्हणून मी ज्याची बाजू मांडतो आहे ते सरसकट चित्रपटसंगीत नव्हे. १९३६ ते १९३९ या चारेक वर्षांत मराठी चित्रपटाने 'गाणे कोण, कोणासाठी आणि का म्हणते?' हा प्रश्न ज्या निष्ठेने विचारला, त्या निष्ठेची ही बाजू आहे.

हे सांगण्याचे कारण केवळ ऐतिहासिक नाही. मूळ प्रदेशापासून दूर वसलेल्या आपल्या समाजात जुने जपण्याची ओढ स्वाभाविक आहे, आणि आपण ते गाण्यांच्या रूपाने जपले. पण गाणे चित्रपटातून उपटून काढले की त्याचा अर्धा अर्थ मागेच राहतो. मैनेचे गाणे व्यासपीठावर टाळ्या घेते आणि केवळ एक गमतीदार गीत होऊन बसते. नाट्यपदाला हे चालते, कारण ते मैफलीसाठीच घडले होते. चित्रपटगीताला हे चालत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील जुन्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला जानेवारी २००३ मध्ये आग लागून पुष्कळ ठेवा नष्ट झाला. सुदैवाने येथे चर्चिलेल्या चित्रपटांपैकी 'अयोध्येचा राजा', 'संत तुकाराम', 'कुंकू' आणि 'माणूस' आजही पाहता येतात. आपल्या संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमांत गीतांची एक संध्याकाळ कमी करून यांपैकी एक चित्रपट अथपासून इतिपर्यंत दाखवावा आणि नंतर त्यावर चर्चा व्हावी, अशी माझी सूचना आहे. प्रारंभ 'संत तुकारामा'ने करावा. नातवंडांना मराठी किती समजते याची काळजी करू नये. सालोमालोचे गाणे आणि तुकारामांचे गाणे यांतला फरक कळायला भाषेची फारशी गरज लागत नाही.