डोंगरगावचे नाव

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात लाव्हाच्या पोकळ्यांत घडलेले स्फटिक मी अनेकदा पाहिले. डायनासोरसाठी मात्र विदर्भातल्या लॅमेटा थरांकडे जावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या सांगाड्याला जैन व बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये 'टायटॅनोसॉरस कोल्बर्टी' म्हटले. विल्सन व अपचर्च यांनी २००३ मध्ये त्याचा 'आयसिसॉरस' केला. वाचणाऱ्याला इजिप्तची देवी आठवते. प्रत्यक्षात ती कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची आद्याक्षरे. कोल्बर्ट हे अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ. संस्था आली, विद्वान आला, गाव राहिले.

शास्त्राला लोकभाषेचे वावडे, असे म्हणावे तर त्याच संस्थेचा १९७५ चा 'बारापासॉरस टागोरी' आडवा येतो. 'बडो पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय. मांडीचे हाडच सुमारे पावणेदोन मीटरचे. (मराठी कानाला 'बरा पाय' ऐकू येतो, तेही वावगे नाही.) खोदकामाचा पहिला हंगाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचा, १९६१ चा, म्हणून टागोर. हाडे गोदावरी खोऱ्यातली, नाव पुरते बंगाली. तरी हाड पाहताच तोंडून निघावे असे ते आहे, म्हणून मला आवडते. तेलंगणातल्या यामनपल्लीला तर १९८८ मध्ये 'कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस'मध्ये जागा मिळाली. डोंगरगावची संधी १९९७ लाच हुकली. अग्रक्रमाच्या नियमामुळे 'कोल्बर्टी' आता हलत नाही.