बारा घरांचा तक्ता आणि ‘विल’

इंग्रजी व्याकरणाचा तास म्हटला की फळ्यावर एक तक्ता येतो. वर्तमान, भूत आणि भविष्य असे तीन काळ. प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण असे चार प्रकार. एकूण १२ घरे. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणामुळे हा तक्ता भारतातल्या शाळांत चांगलाच रुजला. तो पाठ करायला सोपा आणि परीक्षेत तपासायलाही सोपा आहे. पण विज्ञानात आपण एखादे वर्गीकरण निरीक्षणांवर घासून पाहतो, तसे या तक्त्याचेही करायला हवे, असे आम्हांला वाटते.

पहिली विसंगती पुस्तकातच सापडते. भविष्यकाळाची चारही घरे ‘विल’ आणि ‘शॅल’ यांनी भरलेली आहेत. त्याच पुस्तकाच्या सुधारित आवृत्तीत दुसऱ्या एका प्रकरणात ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांच्या रांगेत हेच दोन शब्द ‘मोडल’ म्हणून येतात. मोडल म्हणजे शक्यता, परवानगी, बंधन, इच्छा असा बोलणाऱ्याचा कल दाखवणारी साहाय्यक क्रियापदे. मग ‘विल’ काळ दाखवते की कल? ‘इट मे रेन टुमॉरो’ हे वाक्यही उद्याविषयीच आहे. तरी ‘मे’ला तक्त्यात घर नाही.

आता उदाहरणे पाहू. ‘फादर विल बी इन द फील्ड नाऊ’ या वाक्यात भविष्य कोठेच नाही. आहे तो आत्ताच्या क्षणाविषयीचा अंदाज. ‘द ट्रेन विल हॅव लेफ्ट तिरोडा बाय नाऊ’ यात तर होऊन गेलेल्या गोष्टीचा अंदाज आहे. उलट ‘द ट्रेन लीव्हज टुमॉरो’ हे वाक्य उद्याचे, पण क्रियापद वर्तमानाचे.

हे ऐकून गोंदिया जिल्ह्यातील मुले गोंधळतील असे समजू नये. त्यांच्याकडे याची उत्तरे आधीच आहेत. ‘बाबा आता बांधीत असतील’, ‘गाडीने तिरोडा सोडले असेल’ ही त्यांची रोजची मराठी. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवरचा हा जिल्हा. हिंदीही कानावर असते. ‘पिताजी खेत में होंगे’ या वाक्यातही तोच अंदाज आहे. तिन्ही भाषांत भविष्याचे म्हणून शिकवलेले रूप आत्ताचा तर्क सांगते. जे अजून घडलेले नाही आणि जे डोळ्यांसमोर नाही, या दोन्हींविषयी माणूस अंदाजानेच बोलतो. म्हणून ही जोड बसते.

गोंधळाचे मूळ एका शब्दात आहे. इंग्रजीत ‘टाइम’ आणि ‘टेन्स’ असे दोन शब्द आहेत. आपण दोन्हींना ‘काळ’ म्हणतो. घड्याळातली वेळ वेगळी आणि क्रियापदाचे रूप वेगळे, हा भेद त्यामुळे मुलांपर्यंत पोचतच नाही. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९३३ साली इंग्रजी क्रियापदाला वर्तमान आणि भूत अशी दोनच काळरूपे मानली. १९८५ चे क्वर्क आणि सहकाऱ्यांचे व्याकरण आणि २००२ चे हडलस्टन व पुलम यांचे व्याकरणही ‘विल’ला स्वतंत्र भविष्यकाळ मानत नाही. काही अभ्यासक आजही मानतात. वाद संपलेला नाही. पण आपल्या मो. के. दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त काळ आणि अर्थ यांचा वेगवेगळा विचार आहे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे आपण शिकवतोच. इंग्रजीच्या तासाला मात्र ते बाजूला ठेवतो.

याची किंमत मुले मोजतात. ‘उद्याची गोष्ट, म्हणून विल’ हा नियम घोटला की ‘इफ इट विल रेन’ असे वाक्य उतरते. खरे तर ‘पाऊस आला तर रोवणी करू’ असे म्हणताना आपण उद्यासाठी ‘आला’ हे भूतकाळी रूप वापरतो. इंग्रजी तेथे वर्तमानाचे रूप वापरते, एवढाच फरक.

‘कॅनचा भूतकाळ कुड’ हा नियमही अर्धाच आहे. ‘ही सेड ही कुड कम’ येथे तो चालतो. पण ‘कुड यू हेल्प मी?’ ही आत्ताची विनंती आहे. भूतरूपाने येथे आदबीचे अंतर दाखवले आहे. गंमत अशी की ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही मुळात जुनी भूतरूपेच. ती वर्तमानाच्या अर्थाने वापरात आली. म्हणूनच ‘ही कॅन’ला ‘एस’ लागत नाही. आपल्या ‘मला भूक लागली’ या वाक्यातही रूप भूताचे आणि भूक आत्ताची असते.

‘ही मस्ट हॅव गॉन’ आणि ‘ही हॅड टू गो’ यांतही मुले चुकतात. पहिल्याचे मराठी ‘तो गेला असावा’, दुसऱ्याचे ‘त्याला जावे लागले’. पहिल्यात जाणे मागचे आहे, तर्क आत्ताचा आहे. हे कळले की पाठांतराची गरज उरत नाही.

तक्ता फाडून टाका, असे आमचे म्हणणे नाही. चालू आणि पूर्ण रूपे ओळखायला तो उपयोगी आहे. मात्र त्याच्या शेजारी फळ्यावर तीन रकाने आखावेत: क्रियापदाचे रूप कोणते, गोष्ट केव्हाची, आणि बोलणाऱ्याला ती नक्की माहीत आहे की तो अंदाज, इच्छा, बंधन सांगतो आहे. मुलांनी घरी बोलली जाणारी दहा वाक्ये आणावीत, मग ती झाडीबोलीतली असोत, पोवारीतली असोत की गोंडीतली, आणि इंग्रजी वाक्यांबरोबर या रकान्यांत भरावीत. ‘विल’ कोणत्या घरात बसते, हे मग त्यांनाच ठरवू द्यावे.