आकड्यांच्या बाजारात प्रोसेसर

प्रोसेसरची चर्चा कुठेही ऐकावी, तर कुस्तीचा फड रंगल्यासारखं वाटतं. कोण किती गिगाहर्ट्झचा, कोण किती नॅनोमीटरचा, कुणाला चाचणीत किती गुण. यूट्यूबवर एखादी कंपनी या आठवड्यात 'संपते' आणि पुढच्या आठवड्यात 'जोरदार पुनरागमन' करते. चिप डिझाइनवर पोट असलेल्या माझ्यासारख्याची त्यात करमणूक होते. पण या कलेतलं खरं कसब त्या आकड्यांत दिसतच नाही.

ते कसब मुख्यतः वेळ वाया जाऊ न देण्याचं आहे. चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर मुख्य मेमरीकडे काही मागतो तेव्हा उत्तर यायला 80 नॅनोसेकंद सहज लागतात. म्हणजे घड्याळाचे तीनशेवर ठोके फुकट. आजच्या प्रोसेसरमधली बरीचशी अक्कल हे ठोके वाचवण्यात खर्च होते. पुढे काय लागेल ते ताडून आधीच कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरलगतच्या छोट्या पण जलद मेमरीत, आणून ठेवायचं, प्रोग्रॅम कोणत्या फाट्याला वळेल याचा अंदाज बांधून काम सुरू करायचं, आणि अंदाज चुकलाच तर केलेलं सगळं पुसून टाकायचं. पुसलेल्याचाही माग कॅशमध्ये उरतो आणि त्यावरून गुपितं वाचता येतात, हे 2018 च्या जानेवारीत स्पेक्टर आणि मेल्टडाउन या सुरक्षा-त्रुटींनी जगाला दाखवलं. वीसेक वर्षं सगळेच या युक्त्यांवर खूश होतो, तो माज तेव्हा उतरला.

विक्रीच्या आकड्यासाठी डिझाइन कसं वाकतं याचा धडा इंटेलच्या घरात आहे. 2000 च्या अखेरीस आलेला पेंटियम 4 मुळात गिगाहर्ट्झ चढवण्यासाठी रचलेला होता. कामाचे तुकडे जितके बारीक, तितका ठोका जलद. म्हणून पाइपलाइन, म्हणजे या तुकड्यांची रांग, लांबत गेली आणि 2004 च्या प्रेस्कॉट या आवृत्तीत तिचे 31 टप्पे झाले. अंदाज चुकला की एवढी लांब रांग रिकामी करायची, आणि वर उष्णता. त्याच वर्षी चार गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 इंटेलने रद्द केला. त्या सुमारास ट्रान्झिस्टर लहान केला की वीजही त्याच प्रमाणात कमी लागते, हा जुना हिशेबही जुळेनासा झाला होता. इंटेलला सावरलं ते इस्रायलमधल्या चमूने लॅपटॉपसाठी केलेल्या संथ पण काटकसरी पेंटियम एमच्या वंशाने. 2006 चा कोअर 2 त्यातूनच आला.

हा धडा नीट गिरवला ॲपलने. 2020 च्या एम 1 चं घड्याळ जेमतेम 3.2 गिगाहर्ट्झ, पण एका ठोक्यात आठ सूचना उलगडण्याची ऐपत. त्या काळचे इंटेल-एएमडी चार-पाचांवर होते. एएमडीनेही 2022 मध्ये 5800 एक्स 3 डी या प्रोसेसरवर कॅशचा आणखी एक थर रचला, एकूण 96 मेगाबाइट केली आणि घड्याळ चक्क थोडं मंद केलं. खेळांमध्ये तो आपल्या जलद भावंडाला मागे टाकत होता. मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांतला हा सगळ्यात देखणा निर्णय.

बाजार मात्र नवा आकडा शोधतोच. 'तीन नॅनोमीटर'च्या ट्रान्झिस्टरमध्ये तीन नॅनोमीटरचं म्हणावं असं काही नसतं. शेजारच्या दोन गेटांमधलं अंतरच चाळीसच्या वर असतं. 2021 मध्ये इंटेलने आपल्या सुधारित 10 नॅनोमीटर प्रक्रियेचं नाव 'इंटेल 7' ठेवलं आणि ती स्पर्धक कंपन्यांनी आधीच चालवलेल्या रिवाजात सामील झाली. सध्या टॉप्सची, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी क्रिया होतात या आकड्याची, चलती आहे. मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये कोपायलट प्लस पीसीसाठी 40 टॉप्सची अट घातली आणि प्रत्येक खोक्यावर तो आकडा झळकू लागला. त्या क्षमतेचं घरी करायचं काय, हे विचारणारा ग्राहक अजून विरळा.

असे प्रश्न विचारणारे समीक्षकही कमी झाले. आनंद लाल शिंपी याने शाळकरी वयात, 1997 मध्ये, सुरू केलेलं आनंदटेक हे हार्डवेअर-समीक्षेचं संकेतस्थळ ऑगस्ट 2024 मध्ये बंद पडलं. ॲपल आपल्या कोअरची आतली रचना फारशी सांगत नाही. ती बाहेरून मोजून काढून तिथे मांडली जात असे. डेन्मार्कचा ॲग्नर फॉग आजही एकेका सूचनेला किती ठोके लागतात याची कोष्टकं जगाला फुकट देतो. असं काम चिकाटीचं आणि व्ह्यूज न मिळवणारं. परिणामी डिझाइन बहरात आहे आणि त्याची समीक्षा कुपोषित.

म्हणून लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला गिगाहर्ट्झ किंवा टॉप्स विचारू नका. चार्जर काढून, तुमचं नेहमीचं काम अर्धा तास सलग चालवून दाखवायला सांगा.