‘सावकारी पाश’ आणि पाहणारा डोळा

डोळे सर्वांनाच असतात. परंतु प्रत्येक जण आपलें गतायुष्य बरोबर घेऊनच पाहत असतो. कोल्हापुरांत बाबुराव पेंटर ह्यांनीं नारायण हरि आपटे ह्यांच्या कथेवरून १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला व १९३६ सालीं त्याचाच बोलपट केला. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळांत पडद्यावर आला तो जमीन गमावून गिरणीची वाट धरणारा शेतकरी.

बोलपटांतील एकच दृश्य घ्या : अंधुक उजेडांतली उदास झोपडी आणि कुत्र्याचें रडणें. शहरी रसिक येथें छायाप्रकाशाची योजना वाखाणतो. एके काळीं नाटकांचे पडदे रंगविलेल्या हाताचें तें कौशल्य होयच. परंतु कुत्र्याचें रडणें अशुभ मानणाऱ्याच्या काळजांत धस्स होतें. ज्याच्या बापाची जमीन गहाणांत बुडाली, त्याला तर दिसतो तो केवळ अंगठा उठविलेला कागद. सावकाराच्या मुलाला कदाचित् त्यांत आपल्या वडिलांवरील अन्याय दिसेल. १८७५ सालीं सुप्यास ज्यांनीं कर्जरोखे जाळले आणि ज्यांचे ते जळले, त्या दोघांच्या नातवांनीं एकच चित्र पाहिलें असतें काय?

मग कलेची थोरवी केवळ प्रेक्षकाच्या अनुभवावर अवलंबून आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पोळलेल्यास त्याच्या दुःखाची आठवण करून देणें सोपें आहे. कर्जाची झळ कधीं न लागलेल्या आमच्यासारख्या पांढरपेशास क्षणभर त्या झोपडींत नेऊन बसविणें हें कठीण. आणि पेंटरांनीं साधलें तें हेंच.