‘जैसे’चा लोप आणि रूपकाचा प्रश्न

उपमेतून साम्यवाचक शब्द गाळला की रूपक उरते, हे सूत्र आपल्या अलंकारविचारात इतके रुळले आहे की त्याची तपासणी क्वचितच होते. त्याला मोठ्या नावांचा आधारही आहे. दंडीच्या ‘काव्यादर्शा’त भेद झाकला गेलेली उपमा म्हणजेच रूपक, ॲरिस्टॉटलच्या ‘ऱ्हेटॉरिक’मध्ये, उलट, उपमा हाच रूपकाचा किंचित वेगळा प्रकार. कोणी कोणाच्या पोटात जायचे एवढाच वाद. अंतर अल्प आहे, हे दोघांनाही मान्य. मॅक्स ब्लॅक यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात रूपकाला संक्षिप्त तुलना मानण्यास हरकत घेतली. तथापि त्या हरकतीची बीजे संस्कृत अलंकारशास्त्रातच सापडतात.

‘मुखचंद्र’ हा समास घ्यावा. यात वाचक शब्द नाही. पण एवढ्यावरून अलंकार ठरत नाही. ‘मुखचंद्र हसला’ म्हटले तर हसणे मुखाचे. चंद्र केवळ तुलनेपुरता, म्हणून उपमा. ‘मुखचंद्र उगवला’ म्हटले तर उगवणे चंद्राचे. मुखावर चंद्रत्वाचा आरोप झाला, म्हणून रूपक. शब्द तेच, निर्णय क्रियापदाचा. लुप्तोपमा ही संज्ञाच सांगते की वाचकाचा लोप होऊनही उपमा उपमाच राहू शकते.

हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही, हे ज्ञानदेवांच्या दोन ग्रंथांवरून दिसते. ‘ज्ञानेश्वरी’च्या आरंभीचा गणेश हे सांगरूपक आहे. वाङ्मय हीच मूर्ती, अठरा पुराणे ही भूषणे, सहा दर्शने हे सहा हात, खंडित दात म्हणजे बौद्धमत. येथे वाचकाला अवयव जुळवीत जायचे असते. एक जरी निसटला तरी मूर्ती अपुरी राहते. ‘अमृतानुभवा’च्या पहिल्या प्रकरणात शिवशक्तीच्या ऐक्याची रीत निराळी आहे. दोन ओठांतून एकच बोल, दोन डोळ्यांची एकच दृष्टी, दोन दिव्यांचा एकच प्रकाश, अशी उदाहरणे एकामागून एक येतात. ‘जैसे’ नसले तरी हे रूपक नव्हे. रूपक मानले तर शिव आणि शक्ती हे ओठ ठरतील, आणि पुढच्याच क्षणी डोळे! उपमान बदलत राहते, स्थिर राहतो तो संबंध: दोनपणात नांदणारे एकपण. पुढचे उदाहरण मागच्याला बाजूला सारते, आणि वाचकाने कोणत्याही प्रतिमेत अडकू नये याची तजवीज होते.

अद्वैत सांगणाऱ्या कवीला अभेदाचा अलंकार म्हणून रूपकच जवळचे असावे, असे अनुमान सहज निघते. ते येथे टिकत नाही. रूपकातील अभेद दोन वस्तूंमध्ये कल्पिलेला असतो. अद्वैताला दुसरी वस्तूच मान्य नाही. शब्दब्रह्माला आकार देता येतो, म्हणून तेथे रूपक शोभते. जे आकारात मावत नाही, तेथे दृष्टांतांची माळ ओवून शेवटी ती खाली ठेवावी लागते.

म्हणून पद्यपंक्तीत ‘जैसे’ आहे की नाही, एवढे पाहून अलंकाराला नाव देणे पुरेसे नाही. क्रिया कोणाची, आरोप कशावर आणि उपमान टिकते की मावळते, हे विचारल्यावाचून अलंकारविचार काव्याच्या अर्थापर्यंत पोहोचणार नाही.