दोन चमचे, उपाशीपोटी

काका महाजनींची गोष्ट आमच्या पाथरीत शाळकरी पोरांनाही माहीत असते. 'श्रीसाईसच्चरिता'च्या तेराव्या अध्यायात ती येते. महाजनी शिर्डीत आलेले, त्यांना जुलाब लागलेले. मशिदीत फरशीचं काम निघतं, बाबा भडकतात, माणसं वाट फुटेल तिकडे पळतात. बाबा महाजनींना मात्र हाताला धरून खाली बसवतात, कुणाची तरी पळापळीत पडलेली शेंगदाण्यांची पिशवी उचलतात, दाणे चोळतात, फुंकर मारून सालं उडवतात आणि त्यांना खायला लावतात. वरून पाणी पाजतात. जुलाब थांबतात.

शेंगदाणे हे जुलाबावरचं औषध नाही, हे हेमाडपंतांना माहीत आहे आणि पोथी ऐकणाऱ्यालाही. म्हणून तर ही चमत्काराची गोष्ट आहे. पोट बिघडलं म्हणून कुणी पोराला मूठभर शेंगदाणे चारले, असं मी पाथरीत आजवर ऐकलेलं नाही. जन्मस्थान मंदिराच्या गल्लीतही नाही. (२०२० च्या जानेवारीत या जन्मस्थानावरून शिर्डीने बंद पाळला होता. बाबांचा जन्म कुठला हे कुणालाच ठाऊक नाही, असं पोथीतच आहे, ही गोष्ट त्या दिवसांत आमच्याकडे कुणी मोठ्याने काढली नाही.) ऐकणाऱ्याने गोष्टीतून श्रद्धा घेतली, डोस घेतला नाही.

आता दुसरी गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२४ ला नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्रकार परिषद घेतली. पत्नीचा कॅन्सर चौथ्या स्टेजला होता, वाचण्याची आशा नगण्य होती आणि आहाराने चाळीस दिवसांत फरक पडला, असं त्यांनी सांगितलं. लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंबाची पानं, तुळस. साखर, दूध, गहू बंद. त्याच आठवड्यात माझ्या आत्याचा बायोप्सीचा रिपोर्ट आला होता. स्तनाचा कॅन्सर. तो व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर एका दिवसात पाच जणांनी टाकला.

एक टेक्स्ट म्हणून मी तो नंतर कितीतरी वेळा पाहिला. त्याचा सांगाडा थेट पोथीचा आहे: आधी डॉक्टर हात टेकतात, मग घरातल्या कुणाचा तरी विश्वास, मग साधीसुधी वस्तू, मग दिवसांचा नेमका आकडा. सांगणारा माणूस कसलेला आहे, कॉमेंट्रीत आयुष्य गेलेला, कुठे थांबायचं हे त्याला कळतं. पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली होती, हा तपशील या गोष्टीत आहे, पण पायरीवर चप्पल ठेवावी तसा बाहेर. व्हायरल होता होता ती चप्पलही कुणीतरी नेली. आत्याच्या फोनवर आला तो उरलेला तीस सेकंदांचा तुकडा: काय खायचं, किती, केव्हा. शेंगदाण्यांची गोष्ट आणि ही गोष्ट यांत फरक पडतो तो इथे. चमत्कार तोच, फक्त त्याला 'दोन चमचे, उपाशीपोटी' असं माप लागलं. माप लागलं की ऐकणाऱ्याला ते विज्ञान वाटायला लागतं.

याला उत्तर आलं ते मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या आजी-माजी मिळून २६२ कॅन्सरतज्ज्ञांच्या सहीचं. छोटं निवेदन: या दाव्यांना भक्कम पुरावा नाही, सिद्ध न झालेल्या उपायांपायी उपचार लांबवू नका, लवकर सापडला तर कॅन्सर बरा होऊ शकतो आणि त्याचे सिद्ध उपाय म्हणजे शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी. एकही शब्द चुकीचा नाही. मी ते ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले, त्यातला एक माझ्या भावाचा.

निवेदन म्हणून ते कमी पडतं, असं माझं मत आहे. त्यात माणूस नाही एवढंच कारण नाही. ज्या घरात रिपोर्ट आलाय त्या घराला रात्री काहीतरी करायचं असतं, आणि हातात असतं फक्त स्वयंपाकघर. परळला जाणं म्हणजे मानवत रोडहून गाडी, सुट्टी, पैसे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का याची चौकशी. हळद मात्र डब्यात असते. 'हे करू नका' म्हणणारा कागद 'मग आज काय शिजवू?' या प्रश्नाचं उत्तर देत नाही. सिद्धूंचा व्हिडिओ देतो. चुकीचं देतो, पण देतो.

आत्याने चार महिने ते केलं. एका वैद्याने वर लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा लावून दिला आणि साखर पूर्ण तोडली. 'कॅन्सरला साखर लागते, ती बंद केली की तो उपाशी मरतो' हे वाक्य आमच्या घरात पाढ्यासारखं म्हटलं जायचं. त्याची मुळं खऱ्या विज्ञानात आहेत, म्हणून ते जास्त चिवट आहे. ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी गाठीच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं वापरतात हे पाहिलं होतं, आणि पेट स्कॅन चालतो तो याच गुणधर्मावर. पण ताटातली साखर तोडली म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही, शरीर ते स्वतः तयार करतं. खाणंच तुटलं तर त्यासाठी स्नायू झिजवायला लागतं. आत्याचं वजन नऊ किलोंनी उतरलं. ग्रुपवर याला 'बॉडी डिटॉक्स होतेय' म्हणायचे.

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा २८१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या, ज्यांचा कॅन्सर पसरलेला नव्हता आणि ज्यांनी नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले. इतरांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त. माझ्या धंद्यात ज्या सिस्टिममध्ये फक्त यशस्वी रिक्वेस्टच लॉगमध्ये जातात तिला आम्ही तुटलेली सिस्टिम म्हणतो. आहाराने बरं झाल्याच्या गोष्टींचा लॉग असाच आहे. जे गेले त्यांनी व्हिडिओ केले नाहीत.

घरच्या औषधाची चेष्टा करणं सोपं आहे, पण आमच्या अंगणात भिंतीला लागून सदाफुली उभी आहे. मधुमेहावरचं गावठी औषध म्हणून तिची पानं कॅनडातल्या एका प्रयोगशाळेत पोचली. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून १९५८ मध्ये विनब्लास्टिन आलं आणि मागोमाग विनक्रिस्टिन, जे आजही लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये देतात. म्हणजे आजीबाईच्या बटव्यात खरंच काहीतरी होतं, फक्त ज्यासाठी ठेवलं होतं त्यासाठी नव्हतं. ते कळायला पानांचे ढीग, प्रयोगशाळा आणि 'आपलं चुकलं' असं मान्य करणारी माणसं लागली. पानं तशीच चावली तर ते विष आहे.

स्टीव्ह जॉब्सचं वॉल्टर आयझॅकसनने लिहिलेलं चरित्र माझ्या ऑफिसात निम्म्या डेस्कांवर असतं, आणि त्यातलं कॅन्सरचं प्रकरण वाचलेला माणूस मला क्वचित भेटतो. ऑक्टोबर २००३ मध्ये त्याला स्वादुपिंडात गाठ सापडली, हळू वाढणाऱ्या, तुलनेने बऱ्या प्रकारातली. शस्त्रक्रिया झाली ती नऊ महिन्यांनी. मधल्या काळात वीगन आहार, गाजराचे आणि फळांचे रस, ॲक्युपंक्चर, जडीबुटी. लगेच कापलं असतं तर तो वाचला असता असं कुणालाही ठामपणे म्हणता येणार नाही. आयझॅकसनची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो जॉब्सला मूर्ख ठरवत नाही. ज्या हट्टाने त्याने फोन बनवला तोच हट्ट इथे आहे, हे तो दाखवतो. या विषयावर मी वाचलेलं हे सर्वांत प्रामाणिक लेखन आहे, कारण त्यात कुणी बरं झाल्याची घाई नाही.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी ते प्रकरण आत्याला मराठी करून वाचून दाखवलं. डोक्यात माझंही एक गणित होतं: तिला पटेल, निदान पस्तावेल. ती ऐकत होती, समोर सोललेलं मोसंबं होतं, चार महिन्यांनंतरचं पहिलं.

"इतका मोठा माणूस," ती म्हणाली, "त्याला रागवायला घरात कुणी नव्हतं का रे?"

"बायको विनवत होती. मित्रही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मोसंब्याची एक फोड माझ्यापुढे सरकवली. "अन् तू कुठं होतास? अंगठे मोजत बसला व्हतास."

आता तिच्या सहा केमो झाल्यात. काढ्याचं पुडकं अजून फडताळात आहे, पिठाच्या डब्यामागे. टाकून देऊ का, असं मी विचारलं, तर म्हणाली, असू दे.