प्रवासवर्णनांतून सुटलेली एक वाट

मराठी प्रवासवर्णनांची परंपरा समृद्ध आहे, असे आपण नेहमी ऐकतो व ते खोटेही नाही. काशीरामेश्वर झाले, हिमालय झाला, विलायत आणि अमेरिका तर इतक्यांदा झाली की तेथील आगगाड्यांचे डबेसुद्धा आपल्या परिचयाचे झाले आहेत. परंतु आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबात जो प्रवास घरोघर घडतो, ज्याच्यापायी साठविलेला पैसा बाहेर निघतो आणि ज्याच्या शेवटी घरातील एका मुलाची वा मुलीची चार वर्षे ठरून जातात, त्याचे वर्णन मात्र शोधूनही सापडत नाही. बारावीचा निकाल लागला की मुलास किंवा मुलीस मोटारीत घालून अभियांत्रिकी महाविद्यालये पाहत हिंडणे, हा तो प्रवास होय.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी माझी पुतणी, तिचे आईवडील व मी असे चौघेजण ह्या कामास निघालो. पुणे, सोमेश्वरनगर, बारामती, इंदापूर आणि तेथून सांगली असा बेत होता. दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, नीरा ह्या वाटेने जाताना मनात आले, की ही वाट वाङ्मयाला अनोळखी नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ह्याच रस्त्याने जाते आणि दि. बा. मोकाशी ह्यांच्या 'पालखी' (1964) ह्या पुस्तकात तो रस्ता कायमचा येऊन बसला आहे. मोकाशी भाविक म्हणून नव्हे, तर कुतूहलाने निघाले होते; म्हणूनच त्यांना वारकऱ्यांचे पाय दिसले आणि भाकरीही दिसली. वारी आणि महाविद्यालयांतील प्रवेश ह्यांचा हंगाम जवळजवळ एकच. एकाच रस्त्यावरच्या ह्या दोन यात्रांपैकी एकीला लेखक मिळाला, दुसरीला मिळाला नाही.

ह्याचे कारण असे सांगितले जाते, की हा प्रवास गरजेचा, हिशेबाचा. त्यात रस कसला? मला हे मत मुळीच पटत नाही. आपल्या भाषेतील सर्वांत जिवंत प्रवासवृत्त हिशेबी माणसाचेच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली काकांबरोबर उत्तरेस निघाले ते घरचे कर्ज फेडण्यास दक्षिणा मिळावी म्हणून. बंडात सापडले, लुटले गेले, झांशीचा पाडाव डोळ्यांनी पाहिला. भारताचार्य चिंतामणराव वैद्य ह्यांनी 1907 साली प्रसिद्ध केलेल्या 'माझा प्रवास'मध्ये जो नेमकेपणा आहे, तो गरजवंताच्या डोळ्याचा आहे. ज्याला रिकाम्या हाताने परतणे परवडत नाही, तो बारकाईने पाहतो. पंडिता रमाबाईंचेही तेच. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठी त्या 1886 साली अमेरिकेस गेल्या आणि 1889 च्या आपल्या प्रवासवृत्तात तेथील शाळा व स्त्रियांचे शिक्षण ह्यांविषयी त्यांनी जे लिहिले, ते आपल्या देशात काय उभे करावयाचे हे मनात धरून लिहिले. विद्यालय हा प्रवासवर्णनाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी एवढ्या पूर्वी दाखविले. पुढील लेखकांनी देखावे उचलले आणि ही दृष्टी सोडली.

त्या दृष्टीवाचून आपण काय गमावतो, ते मला सोमेश्वरनगरास कळले. करंज्याच्या सोमेश्वरावरून नाव घेतलेली ही वसाहत सहकारी साखर कारखान्याभोवती वसली आहे. तिचे मूळ नीरा डाव्या कालव्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुष्काळी मुलखासाठी खणलेल्या त्या पाण्याने ऊस आला, उसामागून सभासदांचा कारखाना आला आणि त्याच्या आधाराने शाळा व महाविद्यालये आली. 1983 साली वसंतदादा पाटील ह्यांच्या सरकारने विनाअनुदान महाविद्यालयांस परवानगी दिली, तेव्हापासून अभियांत्रिकी शिक्षण साखरेच्या मागोमाग खेड्यापर्यंत पोहोचले. प्रवरानगर व वारणानगर ही त्याची ठळक उदाहरणे; सोमेश्वरनगर त्याच कुळातले. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 साली निघाले ते सरकारी बांधकामांना हाताखालची माणसे हवी होती म्हणून. एकाचा जन्म सरकारच्या गरजेतून, दुसऱ्याचा शेतकऱ्याच्या उसातून! माहितीपुस्तिकेत दोघांची छायाचित्रे मात्र सारखीच : हिरवळ, संगणकांची रांग आणि हसणारी मुले.

आम्ही गेलो तेव्हा कारखान्याची धुराडी थंड होती. प्रवेशाच्या दिवसांत गाळप बंद असते, ते दिवाळीच्या सुमारास सुरू होते. म्हणजे पाहावयास येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे गाव निजलेलेच दिसते. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा, बैलगाड्या, मळीचा वास, रात्रभर पेटलेले दिवे ह्यांच्यात जी मुले हिवाळा काढतात, त्यांचे गाव आम्ही पाहिलेच नाही. एका भेटीवर विसंबणाऱ्या प्रवासवर्णनाचा हा दोष आहे, आणि विलायतेवर लिहिलेल्या निम्म्या पुस्तकांत तो आहे. फरक इतकाच, की तेथे वाचक फसतो आणि येथे मुलगी.

माझ्या बंधूंनी शुल्क विचारले, वहिनींनी वसतिगृहाच्या पहाऱ्याची चौकशी केली. दोन्ही प्रश्न योग्यच. परत मोटारीत बसताना पुतणी म्हणाली, "काका, चिपाडावर बॉयलर पेटतो, वाफेवर टर्बाइन फिरते, त्यातून वीज होते, हे सगळं हाकेच्या अंतरावर आहे. मग इथल्या मुलांना तिथे रोज जाता येत असेल का, की वर्षातून एकदा सहल काढून नेत असतील?"

हा प्रश्न आम्हा तिघा वडीलधाऱ्यांपैकी एकालाही सुचला नव्हता, आणि तो विचारण्याची वेळ टळून गेली होती. कचेरी बंद झाली होती. उष्मागतिकी पुस्तकातून शिकणे आणि ती चालू बॉयलरच्या शेजारी उभे राहून शिकणे ह्यांतील अंतर कोणत्याही गुणवत्तायादीत छापलेले नसते. ते सांगू शकला असता तर लेखकच.

बारामतीस विद्या प्रतिष्ठानचा परिसर पाहिला. 1972 सालच्या ह्या संस्थेने अभियांत्रिकी महाविद्यालय 2000 साली काढले. रुंद रस्ते, झाडी, शहराचा थाट. तेथे डोळे निवतात, पण प्रश्न सुचत नाहीत. इंदापूर पावसात घाईने उरकले, त्याविषयी लिहिणे अन्यायाचे होईल. सांगलीस 1947 साली स्थापन झालेल्या महाविद्यालयात आम्ही अर्धा दिवस होतो. तेथे मात्र पुतणीने पहिल्याच प्राध्यापकांना गाठून कर्मशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते, हे विचारले.

ह्या सर्व प्रवासात तिने एक वही ठेवली होती. अंतरे, शुल्क, खोलीत किती मुली, ग्रंथालयाची वेळ आणि समासात मधूनमधून एखादे वाक्य. सोमेश्वरनगराच्या पानावर तिने लिहिले आहे : 'डिसेंबरात पुन्हा यावे.' पण प्रवेशाचे अर्ज तोपर्यंत थांबत नाहीत, म्हणून तिच्या बंधूची बारावी होईल त्याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही जावयाचे ठरविले आहे. वही मी मागितली आहे. ती द्यावयास ती अजून तयार नाही.